दोन नावांना ओ देणारा माणूस

आउबे गावात बुनहाय आपेकांची, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या बुनहाय काकांची, एक गोष्ट सांगतात. सांगताना प्रत्येक जण आवाज खाली आणतो आणि पहिल्यापेक्षा थोडं जास्त सांगतो. बायकोचं प्रेत घरात होतं आणि हा माणूस टोपली पाठीला लावून मासे धरायला गेला. परत आला, मासे साफ केले आणि रडायचं सोडून जेवायला बसला.

"जेवला ते जेवला, वर दुसऱ्यांदा वाढून घेतलं!" हे किराणा दुकानवाली म्हणते, दर वेळी तराजू हवेत धरून.

"बोय मासे होते म्हणतात. चांगले पोसलेले," हे धक्क्यावरचा तिकीटवाला. माणूस मेल्याचं त्याला फारसं नाही, बोय कुठे गेले याचं जास्त.

ही गोष्ट खोटी आहे. त्या दिवशी माझी आजी त्या घरात होती. आजीचं बोलणं नेहमी "मी काही बोलत नाही, पण" इथून सुरू होतं आणि मग तासभर संपत नाही. हे मात्र तिने एका दमात सांगितलं.

"मी काही बोलत नाही, पण सोमुई तेव्हा जिवंत होती. पाणी उतरायला लागलं तसे तिने डोळे उघडले. म्हणाली, आज माझा दिवस आहे ना, मग इथे काय बसलात? हा म्हणाला, राहू दे. ती म्हणाली, राहू दे काय? मासे आत तडफडून मरतील, वाया जातील. मात्सू देवी बघतेय वरून. जा. मग हा गेला. येईपर्यंत ती गेली. मासे साफ केले, खरं आहे. कुणीतरी करायलाच हवे होते. आणि जेवला-बिवला काही नाही. लापशीचा वाडगा समोर घेऊन बसला होता. तो वाडगा मी उचलला, भरलेलाच."

एवढंच झालं होतं. आपेक ते कुणाला सांगत नाहीत, आणि गावाला भरलेल्या वाडग्यापेक्षा रिकामा वाडगा जास्त आवडतो.

'दिवस' म्हणजे आमच्या कानाचा दिवस. गावाच्या उत्तरेला समुद्रात काळ्या दगडांची एक वळणदार भिंत आहे, वरून पाहिली तर माणसाच्या कानासारखी दिसते. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. भरतीला भिंत पूर्ण बुडते आणि मासे वरून आत येतात. ओहोटीला पाणी फटींतून निघून जातं आणि मासे आत राहतात. असे कान पेंघूच्या बेटांवर पुष्कळ आहेत, पण बाकीचे मोडले. आमचा अजून उभा आहे. त्याच्या मालकीची अकरा नावं आहेत. वर्षाच्या सुरुवातीला भूमिदेवाच्या देवळात बांबूच्या नळकांड्यातून चिठ्ठ्या काढतात, आणि ज्या क्रमाने नावं निघतात त्या क्रमाने वर्षभर दिवस फिरतात. दर अकराव्या दिवशी तुमचा दिवस. त्या दिवशीचे मासे तुमचे.

आणि ज्याचा दिवस असेल त्याचं नाव आधी काठावरून तीनदा पुकारायचं. त्याने भिंतीवरून "आहे" म्हणायचं. तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. कारण विचारलं तर म्हातारी माणसं म्हणतात, समुद्राला कळायला नको का कुणाचे मासे ते?

आपेकांच्या घरात दोन नावं आहेत. एक त्यांचं, गान बुनहाय. दुसरं सोमुई काकूंचं, काकूंच्या बापाकडून आलेलं. काकू गेल्यावर ते नाव खोडायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण खोडायचं तर सभा घ्यावी लागते.

आपेक तरुणपणी काऊशुंगच्या बंदरातल्या मोठ्या बोटींवर होते. दोन-दोन वर्षं पाण्यावर. चाळिशीत परत आले तेव्हा कानाचं सगळं काकूच बघत होत्या. त्यांनीच आपेकांना दगड बसवायला शिकवलं, म्हणजे बडबड करत करत शिकवलं. हा चपटा खाली, तो नाकवाला आत, अहो डोकं वापरा, डोकं! काकू बोलायच्या आणि आपेक दगड उचलायचे, असा तीस वर्षांचा संसार. आता काकू नाहीत, म्हणून आवाज नाही. घरात टीव्ही असतो, आवाज बंद करून. बातम्यांतली बाई ओठ हलवते आणि आपेक तिच्याकडे पाहत शेंगदाणे सोलतात. सोललेले शेंगदाणे तसेच राहतात. दुसऱ्या दिवशी आणखी सोलतात. अंगणातल्या दोरीवर काकूंची चेहऱ्याला गुंडाळायची फुलाफुलांची ओढणी होती ती दोन वर्षं तशीच आहे, वाऱ्याने पांढरी पडली. दुःख दिसत नाही. काहीच दिसत नाही. विचारलं, "आपेक, जेवलात?" तर "हं." "आपेक, वारा फार आहे." "आहे." "आपेक, तुमच्या छपराचं कौल उडालं." "उडालं."

मी गावातल्या कुणाचाही आवाज काढते. बोटीच्या भोंग्याचासुद्धा. आपेकांचा येत नाही. धरायला काही नाहीच त्यात.

दोन वर्षांपूर्वी, काकू गेल्यावर महिनाभराने, मी शिंपले वेचायला कानाच्या बाजूला गेले होते. काकूंचा दिवस होता. आपेक एकटेच भिंतीवर उभे. काठावर कुणी नव्हतं. त्यांनी मागे वळून काठाकडे तोंड केलं आणि पुकारलं, "सोमुई." मोठ्याने नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं. मग आणखी दोनदा. मग पुढे वळले आणि स्वतःच म्हणाले, "आहे." आणि आत उतरले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मी! तिकीटवाला शिंकला तरी गावभर सांगते ती.

यंदा माझ्या आत्याने, स्यूलुआनने, संघ काढला. आत्या गावची पुढारी, तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "की नाही?" असतं आणि उत्तराला जागा नसते. "तरुण पोरं तैवानात पळतात, की नाही? मासे कमी झाले, की नाही? मग कानात आता पाहुणे धरायचे, की नाही?" कल्पना चांगली होती. ओहोटीच्या वेळी पाहुण्यांनी भिंतीवरून चालायचं, दगड कसे बसवतात ते बघायचं, आपल्या हाताने मासे धरायचे, मग घरोघरी लाल भोपळ्याच्या शेवया खायच्या. कौलं नीट करायला, भिंतीची दोन भगदाडं बुजवायला सगळ्या गावाने हात लावायचा. जिल्ह्याच्या कचेरीतला साहेब म्हणाला की कानाला वारसा म्हणून मान्यता मिळेल, "त्या दृष्टीने" अकरा नावांच्या जागी एकच नाव हवं, संघाचं. हा साहेब चहा पण त्या दृष्टीने पितो.

दहा जणांनी सह्या केल्या. आपेकांनी स्वतःच्या नावापुढे लगेच केली, पेनसुद्धा मागितलं नाही, स्वतःचं काढलं. काकूंच्या नावापुढे नाही केली.

"आपेक, एवढी एकच राहिलीय," आत्या म्हणाली.

"राहू दे."

"अहो, काकू असत्या तर त्यांनीच पहिली केली असती, की नाही?"

आपेकांनी पेन खिशात ठेवलं.

गावाने लगेच ठरवलं, म्हातारा अडून बसलाय, त्याला जास्त हवंय. किराणावाली म्हणाली, "बायको मेल्या दिवशी जेवणारा माणूस!" मला माहीत होतं आपेकांना काय हवंय. सही केली की नळकांड्यात चिठ्ठी राहणार नाही. चिठ्ठी नाही तर दिवस नाही, आणि दिवस नाही तर सोमुई हे नाव या बेटावर पुन्हा कुणी पुकारणार नाही. मला हे माहीत होतं आणि मी आत्याला सांगायला पाहिजे होतं. पण ते सांगायचं तर मला तो हाक मारायचा आवाज काढून दाखवावा लागला असता.

मधेच पहिल्या पाहुण्यांचं झालं. आत्याने चिठ्ठीवर लिहून काऊशुंगच्या छापखान्याला पाठवलं: चौथीला, सकाळी आठ वाजता. आउब्यात चौथ म्हणजे चांद्रमासाची चौथ, दुसरी कुठली असते? समुद्र तिथीने उतरतो, आम्ही तिथीने जेवतो, तिथीने लग्नं लावतो. छापखान्याने आपल्या कॅलेंडरातली चार तारीख छापली, चित्रात भिंत, भिंतीवर हसणारी पोरं. चार तारखेला सकाळी आठला बोट भरून माणसं आली. आमच्या तिथीने, म्हणजे अमावास्येपासून मोजत, ती सव्वीस होती. कान पाण्याखाली होता. माणसं काठावर उभी राहिली आणि सपाट समुद्राकडे बघू लागली.

"कुठे आहे?" एका बाईने विचारलं.

"इथेच," आत्या म्हणाली, "खाली आहे, की नाही?"

आपेक काठावर बसलेले होते. त्यांच्याकडे पाहून बाई म्हणाली, "आजोबा, कधी दिसेल?"

"दुपारी."

बोट अकराला परत जाणार होती. माणसांनी पाण्याचे फोटो काढले, शेवया खाल्ल्या आणि गेली. साहेबाने आत्याला फोनवर सांगितलं की मान्यता देणारी मंडळी पुढच्या महिन्यात येतील, आणि त्या वेळी कान, त्या दृष्टीने, पाण्याबाहेर असावा.

या वेळी आत्याने आपेकांनाच विचारलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "पुढची चौथ. सकाळी आठ." आत्याने ती तारीख, कॅलेंडरातली, तीनदा तपासून साहेबाला कळवली. मग तिने देवळातला दिवसांचा तक्ता बघितला आणि डोक्याला हात लावला. पुढच्या चौथीचा दिवस सोमुईचा होता.

"हे बघ युन," आत्या मला म्हणाली, "तू बोलतेस ना चुरूचुरू? जा, त्यांना बोलतं कर. सही आणलीस तर तुला काऊशुंगला नेते, की नाही?"

मी गेले. आपेक भगदाडाशी ओणवे होते, कंबरेपर्यंत पाण्यात. मी भिंतीवर बसून दीड तास बोलले. किराणावालीचा आवाज काढला, तिकीटवाल्याचा काढला, साहेबाचा काढला, आत्याचा काढला. त्यांनी तेवढ्यात तेवीस दगड बसवले. एक दगड फिरवून फिरवून पाहिला, नाक आत केलं आणि ठेवला. मी काकूंसारखं म्हणणार होते, अहो डोकं वापरा, डोकं. नाही म्हटलं.

शेवटी ते म्हणाले, "तुझं तोंड दुखत नाही?"

चार शब्द! मी उडालेच. "आपेक, तुम्ही बोललात!"

"हं."

"सही करा ना."

ते परत वाकले. पाणी त्यांच्या कोपरांशी येत-जात होतं. आणखी एक दगड बसवून म्हणाले, "पैज लावू."

"कसली?"

"चौथीला. भिंतीचा माथा दिसल्यापासून परत बुडेपर्यंत तू गप्प बसायचं. एक शब्द नाही. बसलीस तर सही."

"आणि नाही बसले तर?"

"तर तिच्या दिवशी नाव तू पुकारायचं. मी म्हातारा झालो."

"कधीपर्यंत?"

"बेटावर आहेस तोपर्यंत."

मी हसले. चार तास गप्प बसायचं! परीक्षेच्या खोलीत बसते तेवढंच. "पैज," मी म्हटलं आणि हात पुढे केला. त्यांनी ओला, दगडासारखा गार हात माझ्या हातात दिला आणि काढून घेतला. आत्याला सांगितलं तर ती इतकी खूश झाली की त्या दिवसापासून मला बघून ओठांवर कुलूप लावून दाखवायला लागली.

चौथीला ईशान्येचा वारा एवढा होता की बोलायला तोंड उघडलं तर मीठ आत जायचं. पैज लागलेल्याला तेवढीच मदत. साहेब, पाच-सहा कागदवाली माणसं आणि चाळीसेक पाहुणे काठावर उभे होते, सगळ्यांच्या टोप्या हातात. मागच्या वेळची ती बाईही आली होती. साडेसातला माथा दिसला, आधी काळी रेघ, मग तुटक तुटक दगड, मग पूर्ण कान. लोक "अरे!" म्हणाले. मी नाही म्हटलं. एका पोराने मला विचारलं, "ताई, यात साप असतात का?" मी मान हलवली. "म्हणजे असतात?" मी पुन्हा हलवली. तो रडायला लागला. आत्या धावत येऊन म्हणाली, "नसतात, नसतात, की नाही?" आणि मला कुलूप दाखवून गेली.

आपेक टोपली पाठीला लावून भिंतीवर चालत गेले. गावातले सगळे काठावर थांबले, पाय वाळूत. भिंतीच्या आत बोय उड्या मारत होते, दोन माकूळ काळं पाणी सोडत होते.

"चला, उतरा, उतरा!" आत्या पाहुण्यांना म्हणाली. "आज कान संघाचा, म्हणजे सगळ्यांचा, की नाही?"

पाहुणे एक पाय उचलून थांबले, कारण गावातलं कुणी हललं नाही. आजी हलली नाही. तिकीटवाला हलला नाही. किराणावालीसुद्धा नाही, हातात पिशवी घेऊन उभी. नाव पुकारलं नव्हतं. नाव पुकारल्याशिवाय कसं उतरणार? आत्याचाही पाय वाळूतून निघेना. तिलाही जन्मभराची सवय होती. ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

आपेक काठाकडे वळले. तोंड उघडलं.

काही आलं नाही. वारा होता, पण वाऱ्यामुळे नाही. दोन वर्षं ते हे एकटे करत होते, कुणी बघत नसताना. आता पन्नासेक परकी माणसं टोप्या धरून बघत होती, आणि त्यांच्यासमोर आपल्याच बायकोला हाक मारून आपणच ओ द्यायची होती. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. चेहरा तोच, शेंगदाणे सोलतानाचा. साहेब घड्याळ बघत होता. कागदवाला एक जण म्हणाला, "काही अडचण आहे का?"

मला सहीचं आठवत होतं. काऊशुंग पण आठवत होतं. अजून तीन तास तरी राहिले होते.

"सोमुई!" मी ओरडले.

आत्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले, स्वतःच्या.

"सोमुई!" दुसऱ्यांदा वाऱ्याने आवाज मागेच फेकला, म्हणून तिसऱ्यांदा पोटातून. "सोमुईऽऽ!" तो कुणाचाच आवाज नव्हता. माझाच होता, आणि मला तो जरा परका वाटला.

आपेकांनी ऐकलं. टोपलीचा पट्टा खांद्यावर नीट केला. मग म्हणाले, "आहे."

आणि आत उतरले. मग सगळं गाव उतरलं, आजी सपाता हातात घेऊन, तिच्या मागे पाहुणे ओरडत, घसरत. साहेबाने आत्याला विचारलं, "ते काय पुकारलं?"

"आमची जुनी चाल आहे," आत्या दम न घेता म्हणाली, "मुद्दाम ठेवलीय, दाखवायला. की नाही?"

"हे नाव यादीत आहे का?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपेकांकडे. ते वाकून माकूळ टोपलीत टाकत होते. "आहे," ती म्हणाली. "हे एक वेगळंच राहणार आहे." कागदवाल्याने लिहून घेतलं, आणि त्या बाईने सोमुई कोण असं विचारलं तेव्हा किराणावालीने तराजू नसतानाही हात हवेत धरला आणि सांगायला सुरुवात केली. या वेळी वाडगा भरलेला होता. आजी शेजारीच उभी होती म्हणून असेल.

पाणी परत चढायला लागलं तसे आपेक माझ्याजवळून गेले. थांबले. टोपलीतून एक बोय काढून माझ्या पायाशी ठेवला.

"हरलीस," ते म्हणाले.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"नाही." मग टोपली पाठीवर सरकवत, "पुढचा दिवस पौर्णिमेला."

"आपेक, मला शाळा असते."

"संध्याकाळी पाच," ते म्हणाले, "शाळा सुटलेली असते."